डायलिसिसवर असलेलं मूल, पालक आणि पाण्याची घंटा



आमच्या शाळेत दिवसातून तीनदा पाण्याची घंटा होते. गेल्या वर्षी तिसरीत नव्याने आलेली एक मुलगी घंटा झाली तरी बाटली काढायचीच नाही. तिसऱ्यांदा मी जरा रागावूनच सांगितलं. तिने मुकाट्याने मैत्रिणीची बाटली घेतली आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. संध्याकाळी आईचा फोन आला, "मॅडम, तिला पाणी मोजून द्यावं लागतं. डायलिसिस चालू आहे." आधी का सांगितलं नाही, विचारलं तर म्हणाल्या, "सांगितलं असतं तर शाळेत घेतलं असतं का?"

म्हणून हा लेख.

मूत्रपिंडं रक्तातली घाण, जास्तीचं पाणी आणि क्षार गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. ती निकामी झाली की हे काम यंत्राकडे जातं. हिमोडायलिसिसमध्ये साधारण आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तासांच्या आसपास, रक्त यंत्रातून गाळून परत शरीरात सोडतात. दुसरा प्रकार पोटाचा. पोटात बसवलेल्या नळीतून द्रावण आत सोडायचं, काही तासांनी बाहेर काढायचं. हे घरी करता येतं, रात्री झोपेतही. मात्र हात स्वच्छ धुणं, मास्क लावणं यात एक दिवसही ढिलाई चालत नाही. बाहेर येणारं द्रावण गढूळ दिसलं किंवा पोट दुखू लागलं तर लगेच दवाखाना गाठायचा.

पालकांची खरी कसोटी दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत लागते. लघवी फारशी होत नसेल तर प्यायलेलं पाणी अंगातच राहतं. वजन वाढतं, चेहरा सुजतो, रक्तदाब चढतो, दम लागतो. किती पाणी द्यायचं ते डॉक्टर प्रत्येक मुलाचं वेगळं ठरवतात. ही आई सकाळी दिवसभराचं पाणी एकाच बाटलीत भरते. मुलीने कपभर दूध घेतलं की बाटलीतलं तेवढंच पाणी ओतून टाकते. आमटीचंही तसंच. मग "आई, अजून दे ना" वरची भांडणं कमी झाली, कारण किती उरलंय ते मुलीलाच दिसतं. मीठ कमी केलं की तहानही कमी लागते, तेव्हा पापड, लोणचं, कुरकुरे बंद.

पण नातेवाईक! आजारी पोर म्हटलं की शहाळं आणि केळी घेऊन हजर. यात पोटॅशियम भरपूर असतं. ते रक्तात साचलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बटाटासुद्धा बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी टाकून देऊन मगच. 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणारं मीठ तर अजिबात नको, त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियमच असतं. आणि गाडीवर तिखटमीठ लावून मिळणारं, कापल्यावर चांदणीसारखं दिसणारं स्टारफ्रूट या मुलांना विषासारखं आहे.

शिक्षकांनो, हातावर फिस्टुला असेल तर त्या हाताला धरून ओढू नका, त्यावर दप्तर अडकवू देऊ नका. त्या हाताचा रक्तदाब घेत नाहीत, रक्तही काढत नाहीत. लहान मुलांना बऱ्याचदा मानेजवळ नळी असते. ती भिजता कामा नये आणि खेळताना ओढली जाता कामा नये. फिस्टुला शक्यतो लिहिण्याच्या हातावर करत नाहीत, त्यामुळे डायलिसिस चालू असतानाही मूल थोडंफार लिहू शकतं. मी शनिवारी पुढच्या आठवड्याचा अभ्यास वहीत लिहून देते. डायलिसिसनंतर मूल गळून जातं, त्या दिवशी गृहपाठ विचारायचा नाही.

खर्चाने घर कोलमडतं. 2016 पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत ही सोय सुरू झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी पालकांनी जरूर करावी. मुलांच्या बाबतीत डॉक्टरांचं लक्ष पुढे प्रत्यारोपणाकडे असतं. या मुलीच्या आईच्याही तपासण्या सुरू आहेत.

आता आमच्या वर्गात प्रवेशाच्या वेळी मी पालकांना बाजूला घेऊन विचारते, औषध-पाण्याचं काही आहे का? आणि पाण्याची घंटा तीच वाजवते. बाटली काढायची की नाही, हे तिचं ती ठरवते.