पाच व्होल्टची डबी

नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पॉटिफायने भारतात आणि सौदी अरेबियात एकाच वेळी नव्या वर्गण्या आणल्या आणि त्यांतल्या सर्वांत वरच्या ‘प्लॅटिनम’ वर्गणीत लॉसलेस, म्हणजे काटछाट न केलेलं संगीत दिलं. भारतात त्याचे महिन्याला २९९ रुपये. कंपनीने याचा शब्द फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला होता, तो इतक्या उशिरा पाळला, यावर भरपूर लिहून झालं आहे. मला त्या बातमीनंतर अल खोबरहून आलेल्या मावसभावाच्या फोनबद्दल लिहायचं आहे.

मावसभाऊ जुबैलच्या एका रसायन कारखान्यात इंजिनिअर आहे. अठरा वर्षं तिकडे काढली. या अठरा वर्षांत त्याने एकेक करून जमवलेली हाय-फाय सिस्टिम म्हणजे जमिनीवर उभे राहणारे स्पीकर, वेगळा प्रीॲम्प, वेगळा पॉवर ॲम्प आणि आकड्यांचा आवाज करणारा वेगळा डॅक. सीडी प्लेअरचा लेझर आता अधूनमधून तबकडी वाचत नाही. तो म्हणाला, “लॉसलेस तर आलं. पण ते माझ्या सिस्टिमपर्यंत आणायला लोक सहाशे रियालची डबी घ्यायला सांगताहेत. मन होत नाही रे. पैठणीला प्लॅस्टिकची पिन लावल्यासारखं वाटतं.” डबी म्हणजे स्ट्रीमर, इंटरनेटवरून गाणं आणून सिस्टिमला देणारं छोटं यंत्र.

हौसेपायी एवढा खर्च का केला, असं त्याला कोणी विचारू नये. सौदीत जेद्दाला मोहम्मद अब्दूंची जाहीर मैफल झाली ती जानेवारी २०१७ मध्ये, कित्येक वर्षांच्या खंडानंतर. रियाधमध्ये सिनेमागृह उघडलं २०१८ मध्ये, आणि तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाखाली संगीताचं वेगळं मंडळ आलं २०२० मध्ये. त्याआधीची वर्षं गाणं घराच्या चार भिंतींत होतं. तिथल्या मराठी माणसाला सवाई गंधर्व महोत्सवाचा मंडप नव्हता, गणेशोत्सवातली रात्र नव्हती. दिवाणखाना हीच त्याची मैफल. खेड, चिपळूण, महाडकडच्या कितीतरी घरांत पहिला टू-इन-वन आखातातूनच आला, हेही आपण विसरून जातो. आखातात गेलेल्या माणसाने आवाजावर खर्च केला, कारण ऐकायला दुसरी जागा नव्हती.

आता त्याच्या संकोचाबद्दल. तो संकोच अडाणीपणाचा नाही, त्याला एक पक्का इतिहास आहे. १९७० च्या दशकात समज असा होता की टर्नटेबलने तबकडी ठरल्या वेगाने फिरवली की त्याचं काम झालं. आवाज चांगला की वाईट ते स्पीकर ठरवतात. ग्लासगोच्या लिन कंपनीचे संस्थापक आयव्हर टिफेनब्रुन यांनी हे उलटं करून दाखवलं. उगमापाशी जे हरवलं ते पुढचा कितीही महाग ॲम्प परत आणू शकत नाही, म्हणून पैसा आधी उगमावर घाला, असं त्यांचं म्हणणं. ते नुसतं म्हणणं नव्हतं; त्यांचं ‘सोंडेक एलपी १२’ हे टर्नटेबल दुकानांत ऐकवून त्यांनी ते लोकांच्या गळी उतरवलं. पुढच्या दोन पिढ्या याच शिकवणीवर वाढल्या. माझा मावसभाऊही.

शिकवण खरी होती, कारण टर्नटेबल हे यंत्र आहे. खाचेतली कंपनं डोळ्यांना दिसणार नाहीत एवढी बारीक. बेअरिंगची घरघर, मोटरचा वेग किंचित मागेपुढे होणं, टेबलाचा हादरा, हे सगळं त्याच कंपनांत मिसळतं आणि एकदा मिसळलं की वेगळं काढता येत नाही. दुधात पाणी पडल्यासारखं.

स्ट्रीमरचं काम तसं नाही. तो आकडे आणतो. आकडे लहान लहान पुड्यांतून येतात, पुडी हरवली तर पुन्हा मागवली जाते, सगळं आधी साठवणीत पडतं आणि मग क्रमाने पुढे जातं. सर्व्हरवर जे आकडे आहेत तेच तुमच्या घरात येतात, आणि आले की नाही हे तपासता येतं: डबीतून डॅककडे जाणारे आकडे टिपून मूळ फाइलशी ताडून पाहायचे. दीडशे डॉलरच्या डबीतूनही ते जसेच्या तसे निघतात. पंधरा हजार डॉलरच्या डबीतून त्याहून जास्त ‘तसेच’ निघू शकत नाहीत.

राहतं ते घड्याळ. सोनी आणि फिलिप्सच्या नावांवरून ज्याचं नाव पडलं त्या एस-पीडिफ जोडणीत आकडे आणि त्यांचा ताल एकाच तारेतून जातात. ताल देणारं घड्याळ डबीतलं असतं. ते किंचित डळमळलं तर त्याला जिटर म्हणतात, आणि महागड्या स्ट्रीमरची जाहिरात बहुतेक याच शब्दावर उभी असते. कान हे डळमळणं कधी ओळखतो यावर २००५ मध्ये जपानी संशोधकांनी श्रोते बसवून प्रयोग केले. ओळखू येण्याची सीमा काहीशे नॅनोसेकंदांच्या घरात निघाली. आजच्या स्वस्त डब्यांचं डळमळणं त्याच्या कितीतरी खाली असतं, आणि चांगला डॅक आलेला ताल स्वतः आणखी सावरून घेतो. जिटर ही कल्पना खोटी नाही. पण आज तिच्यापायी लाखभर रुपये मोजायला लावणं मला योग्य वाटत नाही.

ज्या लिनने उगमाचा पंथ काढला, त्याच लिनने २००७ मध्ये नेटवर्कवरून वाजणारा ‘क्लायमॅक्स डीएस’ आणला आणि २००९ मध्ये सीडी प्लेअर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

महाग स्ट्रीमरच्या विरोधात माझ्याकडे दुसराही मुद्दा आहे आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. सिस्टिममधली सगळ्यात लवकर म्हातारी होणारी वस्तू हीच. स्पीकर तीस वर्षं चालतात, ॲम्प दुरुस्त होतो. स्ट्रीमर मात्र दुसऱ्याच्या सर्व्हरवर आणि सॉफ्टवेअरवर जगतो. स्क्वीझबॉक्स ही या क्षेत्रातली उत्तम मालिका, लॉजिटेकने ती २०१२ मध्ये बंद केली. गुगलचा क्रोमकास्ट ऑडिओ २०१५ मध्ये ३५ डॉलरला आला, अजून त्याची आठवण काढणारे लोक आहेत. तोही २०१९ मध्ये थांबला. मार्च २०२५ मध्ये एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि घराघरांतले चालू क्रोमकास्ट ऑडिओ गुगलने दुरुस्ती पाठवेपर्यंत मुके झाले. अशा वस्तूत सिस्टिमचा निम्मा पैसा अडकवण्यात शहाणपण नाही. वीम कंपनीची ‘प्रो’ ही डबी अमेरिकेत १४९ डॉलरला आली. रियाल डॉलरला ३.७५ च्या दराने बांधलेला आहे, म्हणजे साडेपाचशे रियालच्या आसपास, वर सौदीचा १५ टक्के कर. चार-पाच वर्षांनी बदलावी लागली तरी जीव तुटणार नाही.

पण ही डबी लावायची कशी, यात लोक चुकतात. तिच्या मागे लाल-पांढऱ्या साध्या ऑडिओच्या जोडण्या असतात. त्यातून ॲम्पला जोडलं तर तुम्ही डबीतला छोटा डॅक वापरता आणि तुमचा महागडा डॅक नुसता पाहत बसतो. जोडणी ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सिअलने डॅकला करायची. मी ऑप्टिकल सांगतो, कारण त्या काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या धाग्यातून फक्त प्रकाश जातो. स्वस्त ॲडॅप्टरचा विजेचा गोंगाट आणि अर्थिंगची घूं पलीकडे जाऊ शकत नाही. ब्लूटूथ तर विसराच. त्यात फोन गाणं पुन्हा दाबून पाठवतो, मग लॉसलेसचे पैसे कशाला भरायचे? स्पॉटिफायच्या कनेक्ट सोयीत फोन फक्त रिमोट होतो, गाणं डबी स्वतः आणते आणि मधेच घरून फोन आला तरी ख्याल तुटत नाही. ॲपमध्ये आवाजाची पातळी सारखी करणारी सोय आणि दोन गाणी एकमेकांत विरघळवणारी सोय, दोन्ही बंद करायच्या. डबीचा आवाज पूर्ण ठेवून कमी-जास्त प्रीॲम्पवर करायचं. मात्र ज्यांचा डॅक थेट पॉवर ॲम्पला जोडलेला आहे आणि मध्ये आवाजाची खुंटीच नाही, त्यांनी हे करू नये. पहिल्याच सुराला स्पीकर जातील.

आता विजेबद्दल, कारण सौदीत राहून परत येणाऱ्या माणसाला हे कोणी सांगत नाही. तिथल्या जुन्या इमारतींत घरगुती वीज १२७ व्होल्ट आहे. २३० कडे जाण्याचा निर्णय २०१० मध्ये झाला आणि बदल वर्षानुवर्षांच्या टप्प्यांत व्हायचा आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट. तिथे वारंवारता ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. व्होल्टेजचा प्रश्न ट्रान्सफॉर्मर सोडवतो. वारंवारतेचा सोडवत नाही. जुन्या टर्नटेबलची सिंक्रोनस मोटर विजेच्या वारंवारतेवरच वेग धरते. ६० हर्ट्झसाठी बनवलेलं टर्नटेबल पुण्यात लावलं तर तबकडी मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांशच्या जागी अठ्ठावीसच्याही आत फेरे घेते. पाच-षष्ठांश वेग. सा आणि कोमल गंधार यांच्यातलं नातं सहाला पाच असंच आहे. म्हणजे सगळं गाणं कोमल गंधाराएवढं खाली उतरतं: काळी एकमध्ये गाणारा गायक खालच्या काळी पाचवर जाऊन बसतो. पुली बदलावी लागते किंवा वेगळा वीजपुरवठा लागतो. डबीला यातलं काही लागत नाही. ती फोनच्या चार्जरवर, पाच व्होल्टवर चालते. अल खोबरमध्ये जशी चालेल तशीच कोथरूडमध्ये. साऱ्या सिस्टिममध्ये एवढी एकच वस्तू अशी.

मग वाचलेला पैसा कुठे घालायचा? खोलीत. सौदीच्या भाड्याच्या घरांत फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या आणि खिडकीतला एसी वर्षातले आठ महिने चालू. तो एसी खोलीत सहज ५० डेसिबलचा गोंगाट करतो. तुम्ही गाणं मोठ्याने लावलंत, शिखरं ९० पर्यंत गेली, तरी मध्ये उरले चाळीस डेसिबल. एका बिटाला सुमारे सहा डेसिबल धरले तर हे सात बिटांचं काम. कान गोंगाटाखालचंही थोडं ऐकतो, म्हणून हिशेब ढोबळ आहे, पण सीडीच्या सोळा बिटांचे ९६ डेसिबल अशा खोलीत पुरून उरतात हे त्यातून कळतं. चोवीस बिटांची चर्चा तिथे कशाला?

शांत खोलीतही सीडी आणि तिच्या वरच्या दर्जात फरक फार नाही. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी अमेरिकेत ५५४ वेळा डोळ्यांआड चाचणी घेतली: वरच्या दर्जाचं मुद्रण थेट ऐकवलं आणि तेच सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवलं. बरोबर उत्तरं २७६, म्हणजे नाणं उडवल्याएवढी. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले जोशुआ राइस यांनी अठरा अभ्यास एकत्र केले, साडेबारा हजारांहून अधिक चाचण्या, बरोबर ५२.३ टक्के. फरक आहे, पण इतका पुसट. आणि उघडच सांगायचं तर, स्पॉटिफायच्या जुन्या ३२० किलोबिटच्या दर्जात आणि लॉसलेसमध्येही बहुतेकांना, मला धरून, बहुतेक गाण्यांत फरक कळणार नाही. ओळखायचाच असेल तर तंबोऱ्यावर ओळखावा. जवारीतून उठणारे दाट, न थांबणारे स्वरांश दाबणाऱ्या सॉफ्टवेअरला सगळ्यात जड जातात. कमी दर्जाच्या फाइलमध्ये तंबोरा पाण्याखाली गेल्यासारखा ऐकू येतो.

जाड गालिचा मात्र पहिल्याच मिनिटाला कळतो. स्पीकर आणि आपण यांच्या मधल्या फरशीवर तो टाकावा, समोरच्या काचेला जाड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांची फळी, आणि ऐकायची वीस मिनिटं एसी बंद. सौदीच्या बाजारात गालिच्यांची वाण नाही. मावसभावाने डबी घेतली, चार महिने महागड्या स्ट्रीमरसाठी बाजूला ठेवलेले रियाल गालिच्यात घातले, आणि पुढच्या शुक्रवारी फोनवर स्ट्रीमरबद्दल नाही, तबल्याच्या डग्ग्याबद्दल बोलला. “आता डग्गा वेगळा ऐकू येतो,” एवढंच.

त्या डबीतून काय येतं, याबद्दल मात्र मला तक्रार आहे. हिंदुस्थानी संगीताची जुनी मुद्रणं स्ट्रीमिंगवर भरपूर आहेत, पण ७८ फेऱ्यांच्या कितीतरी तबकड्यांची खरखर काढताना तंबोराही खरवडून काढला आहे. अशी फाइल लॉसलेस केली तरी गेलेलं परत येत नाही. टिफेनब्रुन यांची शिकवण लागू पडते ती इथे. विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर तोडलेले असतात आणि मध्ये श्वासभर शांतता घुसते. मुद्रणाचं वर्ष म्हणून डिजिटल विक्रीचं वर्ष टाकलेलं असतं. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तंबोऱ्यावर मागे कोण गायलं, याचा पत्ता नाही. मूळ टेप ज्यांच्या कपाटात आहेत त्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी त्या पुन्हा, खरखर न पुसता, उतरवाव्यात आणि साथीदारांची नावं व मुद्रणाचं खरं वर्ष द्यावं. श्रोता आता २९९ रुपये महिना भरतो आहे, एवढं मागायचा त्याला हक्क आहे.

तोवर एक विनंती. डबी आली म्हणून जुन्या एलपींची पाकिटं आणि सीडींच्या पुस्तिका रद्दीत देऊ नका, परत येताना सामान जड झालं तरी. पुष्कळ मुद्रणांतल्या साथीदारांची नावं आज फक्त तिथेच छापलेली आहेत.