सरासरीइतका पाऊस म्हणजे नेमका किती?

पावसाळ्यात दर महिन्याच्या अखेरीस भारतीय हवामान विभागाकडून प्रसृत होणाऱ्या माहितीत ‘सरासरीच्या अमुक टक्के पाऊस’ हा शब्दप्रयोग हमखास आढळतो. ही सरासरी कोणत्या वर्षांची, कोणत्या महिन्याची आणि कोणत्या प्रदेशाची, यावर त्या टक्केवारीचा अर्थ अवलंबून असतो. सन २०२३ चा ऑगस्ट महिना हे त्याचे बोलके उदाहरण होय.

ऑगस्टमध्ये देशाची सरासरी २५४.९ मिलिमीटर आहे. त्या वर्षी प्रत्यक्षात १६२.७ मिलिमीटर पाऊस झाला. ही ३६ टक्क्यांची तूट १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये ऑगस्टसाठी सर्वाधिक ठरली. प्रशांत महासागरात एल निनो प्रबळ होत होता आणि मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा वारंवार हिमालयाच्या पायथ्याकडे सरकत होता. त्यामुळे मध्य व दक्षिण भारत कोरडा राहिला, तर त्याच महिन्यात हिमाचल प्रदेशात अतिवृष्टी आणि भूस्खलनाने मोठी जीवितहानी झाली. देशाच्या एका आकड्यात ही दोन्ही चित्रे सामावलेली होती.

जुलै आणि सप्टेंबर या दोन्ही महिन्यांत मात्र सरासरीपेक्षा १३ टक्के अधिक पाऊस पडला. परिणामी जून ते सप्टेंबर या संपूर्ण हंगामाचा आकडा ९४ टक्क्यांवर आला. हंगामासाठी ९६ ते १०४ टक्के पाऊस सर्वसाधारण मानला जातो. म्हणजे कागदावर कमतरता किरकोळच दिसते. पण सोयाबीन ऑगस्टमध्ये फुलोऱ्यात व शेंगा धरण्याच्या अवस्थेत असते. त्या वेळी पडलेला खंड सप्टेंबरच्या सरींनी भरून निघत नाही. महाराष्ट्र शासनाला त्या वर्षी ऑक्टोबरअखेर ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला.

तुलनेचा पायाही स्थिर नसतो. पावसासाठी हवामान विभाग ५० वर्षांची सरासरी वापरतो व ती दर दहा वर्षांनी सुधारतो. १९५१ ते २००० या काळावर आधारित हंगामी सरासरी ८९ सेंटिमीटर होती. ती पुढे ८८ आणि २०२२ मध्ये, १९७१ ते २०२० या काळाच्या आधारे, ८७ सेंटिमीटर झाली. पावसाच्या अनेक दशके चालणाऱ्या ओल्या-कोरड्या कालखंडांचा हा नैसर्गिक परिणाम असल्याचे विभागाचे म्हणणे आहे. कारण काहीही असो, पूर्वी जो पाऊस सरासरीहून थोडा कमी गणला गेला असता, तो आता सरासरीइतका ठरू शकतो.

जिल्हा पातळीवर निकष आणखी सैल आहेत. तेथे सरासरीपेक्षा १९ टक्के कमी अथवा अधिक पाऊसही सर्वसाधारणच समजला जातो. २० ते ५९ टक्के तूट असल्यास ‘अपुरा’ आणि त्याहून अधिक असल्यास ‘अत्यंत अपुरा’ अशी वर्गवारी होते. मुळात पाऊस कमी असलेल्या प्रदेशात मात्र एकच वादळ ही टक्केवारी उलटीपालटी करते. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे राजस्थानातील बाडमेर व जालोर भागांत काही दिवसांतच जूनच्या सरासरीच्या कितीतरी पट पाऊस झाला. पुढे त्या राज्याचा ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. तरीही हंगामाच्या ताळेबंदात राजस्थानची नोंद सरासरीपेक्षा अधिक पावसाचे राज्य म्हणूनच झाली.