ओवी ज्यांची, त्यांच्याकडे

बीडहून धाराशिवच्या दिशेने निघालं आणि मांजरसुंबा मागे पडलं, की धुळे–सोलापूर महामार्गावर चौसाळा लागतं. बालाघाटाच्या कोरडवाहू पट्ट्यातलं हे गाव. या पट्ट्यात आज सत्तरी ओलांडलेल्या बाईला जात्यावरची एकही ओवी येत नाही, असं क्वचितच घडेल. तिच्या सुनेला ती अर्धीमुर्धी आठवते, आणि नातीला एवढंच माहीत असतं की आजी दळताना काहीतरी म्हणायची. तीन पिढ्यांत एवढी गळती लागलेल्या या गाण्याची सर्वांत मोठी राखण पुण्यातल्या एका छोट्या संशोधन संस्थेने केली. तिचं काम फार मोलाचं आहे, आणि ते मोल मान्य करूनच पुढचं म्हणणं मांडायचं आहे. गाणं गोळा करून ठेवलं म्हणजे निम्मं काम झालं. ज्यांचं ते आहे त्यांच्या कानावर ते पुन्हा पडलं, तरच ते जपलं गेलं. हे उरलेलं निम्मं काम पुण्याला करता येणार नाही. ते चौसाळ्यासारख्या गावांनाच करावं लागेल.

आधी झालेल्या कामाबद्दल. गी पॉइत्वाँ हे मूळचे फ्रान्सचे. १९७२ साली भारतात आले, पुढे इथलेच नागरिक झाले. हेमा राईरकर यांच्यासोबत त्यांनी पुण्यात ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ ही संस्था उभारली आणि मुळशीच्या डोंगरी गावांत गरीब डोंगरी संघटनेच्या कामात दोघं रमले. ओव्या गोळा करायच्या म्हणून ते तिथे गेले नव्हते. रेशन, पाणी, जमीन, बायकांवरचा अन्याय अशा प्रश्नांवर बैठका होत. बायका त्या बैठकांत आपलं म्हणणं ओवीतून सांगत, आणि भाषणात जे कधी आलं नसतं ते ओवीत सहज येई. तेव्हा या दोघांच्या ध्यानात आलं की खेड्यातल्या बाईने स्वतःबद्दल, स्वतःच्या शब्दांत केलेली इतकी मोठी नोंद दुसरीकडे कुठेच नाही. गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांनीच आपल्या आया, माम्या, सासवा यांच्याकडून ओव्या उतरवून घेतल्या. वर्षानुवर्षं हे चाललं. हजारावर गावं आणि लाखावर ओव्या एवढा त्याचा पसारा झाला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-अभ्यासक आणि संगणकतज्ज्ञ सोबत आले, तेव्हा शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं आणि सगळ्या ओव्यांची विषयवार मांडणी संगणकावर झाली. २००४ मध्ये पॉइत्वाँ गेले, २०१० मध्ये हेमाताई गेल्या. २०१७ पासून पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, हा ठेवा प्रसिद्ध करायला घेतला. नमिता वाईकर, आशा ओगले, जितेंद्र मैड यांनी त्यात जीव ओतला.

या गाण्याची घडण समजून घ्यायची तर आधी जातं पाहिलं पाहिजे. खालचा दगड हलत नाही, त्याच्या मधोमध खीळ असते. वरच्या दगडाला मधे तोंड आणि कडेला लाकडी खुंटा. दोघी समोरासमोर बसतात, एका खुंट्याला दोघींचा एकेक हात. मोकळ्या हाताने मूठभर ज्वारी तोंडात टाकायची, तिला घास म्हणतात. घास कमी पडला तर दगडावर दगड घासतो, जास्त पडला तर पीठ भरड येतं. म्हणून फेरे आणि घास यांचा मेळ सुटता कामा नये, आणि तो मेळ ओवी सांभाळते. एकीने पहिली ओळ उचलायची, दुसरीने तीच झेलायची. तेवढ्यात पहिलीला दम मिळतो, दुसऱ्या ओळीचा शब्द सुचतो. पुष्कळ ओव्या अशा चालत्या जात्यावर, समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघत जुळल्या आहेत. पहाटेची वेळ, पुरुष झोपलेले, जात्याची घरघर चालू. सासूचं नाव घेऊन बोलता येणार नाही असं सगळं सीतेच्या नावाने बोलता येई. रामाने वनात धाडलेली सीता या बायकांच्या ओव्यांत देवी म्हणून कमी आणि शेजारीण म्हणून जास्त येते. ही रीत किती जुनी? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरीच्याही आधीची ही नोंद आहे, म्हणजे पोथीत ओवी आली त्याआधी ती उखळाशी होती.

श्रमातून आलेल्या या ओवीचं नातं अमेरिकेतल्या ब्लूज या गाण्याशी जोडता येतं. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या लोकांनी श्रमाच्या हाकांतून जे गाणं घडवलं ते ब्लूज. त्याच्या नेहमीच्या घडणीत पहिली ओळ दोनदा म्हणतात आणि तिसरी ओळ तिला उत्तर देते. आज अमेरिकेत गावोगावी ब्लूज सोसायट्या आहेत. १९८० साली मेम्फिसमध्ये स्थापन झालेल्या ब्लूज फाउंडेशनशी त्यांतल्या अनेक जोडलेल्या आहेत. त्या मैफली भरवतात, शाळांत जाऊन मुलांना हे गाणं शिकवतात, थकलेल्या गायकांच्या औषधपाण्याचंही बघतात. ही तुलना कुणी ओढूनताणून आणलेली म्हणेल, आणि संगीताच्या अंगाने तो आक्षेप खरा आहे. ब्लूजचे सूर वेगळे, त्याला गिटारची साथ, समोर ऐकणारे बसलेले. ओवीला जात्यापलीकडे वाद्य नाही आणि सोबतिणीपलीकडे श्रोता नाही. पण ज्यांच्या श्रमावर दुसऱ्यांचं घर चालतं आणि ज्यांना उघड बोलायची मुभा नसते, त्यांनी श्रमाच्याच लयीत आपलं दुःख बोलून घेतलं, हे दोन्हीकडे सारखं आहे. शिवाय हा धागा आपल्याकडच्या लोकांनीच आधी ओळखला होता. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतल्या काळ्यांचे नेते आणि विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं होतं. १९७२ साली मुंबईत निघालेल्या दलित पँथरने नावच तिकडून घेतलं. आणि मराठवाड्यातच, लातूरच्या जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहून हे जग इथल्या वाचकांपुढे ठेवलं.

दबलेल्यांनी श्रमाच्या लयीत आपलं म्हणणं मांडल्याचा पुरावा बीड जिल्ह्यातच मिळतो. माजलगावच्या भीमनगर वस्तीत १९९६ साली पॉइत्वाँ-राईरकर यांच्या ओव्यांच्या प्रकल्पाने केलेल्या ध्वनिमुद्रणात राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार आणि त्यांच्या सोबतिणींचा आवाज आहे. पहिली ओवी अमक्या देवाला, दुसरी तमक्याला, असा ओव्या वाहण्याचा साचा महाराष्ट्रभर जुना आहे. भीमनगरच्या बायकांनी तोच साचा घेतला आणि त्यात बुद्ध, भीम, रमाई यांची नावं घातली. बाबासाहेब त्यांच्या गाण्यात पुढारी म्हणून येत नाहीत, घरातला कर्ता माणूस म्हणून येतात. त्यांच्या येण्याची वाट बघितली जाते, त्यांचा थाट डोळे भरून पाहिला जातो. १९५६ च्या धर्मांतराला तेव्हा चाळीस वर्षं होत होती. तेवढ्या काळात, शाळेचं तोंड क्वचितच पाहिलेल्या बायकांनी शतकांचं जुनं गाणं नव्या विचाराला जुंपलं. ओवी म्हणजे मागे राहिलेल्या काळाचा अवशेष, असं मानणाऱ्यांनी हे ध्वनिमुद्रण जरूर ऐकावं. जात्याला शेवटचे दिवस आले होते तेव्हाही ओवी नवं बोलत होती.

बाहेरच्या माणसांनी येऊन गरिबांचं गाणं उचलून न्यायचं, हा प्रकार जगभर झाला आहे आणि त्याबद्दलचा संशय रास्त आहे. ब्लूजच्याच इतिहासात त्याचं ठळक उदाहरण सापडतं. १९४१–४२ मध्ये मिसिसिपीच्या कोहोमा काउंटीत जो मोठा अभ्यास झाला, त्यात अ‍ॅलन लोमॅक्स यांच्याबरोबर फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क आणि त्यांचे काळे सहकारी होते. लोमॅक्स यांचं नाव जगभर झालं. वर्क आणि सहकाऱ्यांचं लेखन बासनात पडून राहिलं आणि थेट २००५ मध्ये पुस्तकरूपाने आलं. या कसोटीवर आपला ओव्यांचा प्रकल्प पुष्कळ सरस उतरतो, असं माझं मत आहे. एक तर गोळा करणाऱ्या बाया गाणाऱ्यांच्याच घरच्या होत्या. दुसरं म्हणजे इथे ओवी ‘लोकगीत’ म्हणून बेवारशी ठेवलेली नाही. गाणारीचं नाव, गाव, तालुका, जात, मुलंबाळं, ध्वनिमुद्रणाची तारीख आणि शक्य तिथे फोटो, हे सगळं ओवीसोबत असतं. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज ऐकून त्यांची माहिती काढायला माणसं पुन्हा त्या गावी गेली, ती नाव आणि गाव नोंदलेलं होतं म्हणून. आपल्याकडे लोकगीतांची जुनी पुस्तकं काढून पाहिली तर संपादकाचं नाव मुखपृष्ठावर दिसतं, गाणारी बाई कुठेच दिसत नाही. ही रीत या प्रकल्पाने मोडली, आणि माझ्या दृष्टीने त्याची हीच सर्वांत मोठी कमाई आहे.

याहून अवघड आक्षेप बायकांकडूनच येतो. गिरणी आली, पहाटे तीनला उठणं संपलं, हाताचे घट्टे गेले. मग त्या गाण्याचं कौतुक कशाला? या आक्षेपातलं दुःख शंभर टक्के खरं आहे. दळण-कांडण बाईचं आयुष्य खाणारं काम होतं, ते संपलं याचा आनंदच मानला पाहिजे. पण श्रम जावेत म्हणून आवाजही जावा, असं कुठे आहे? मिसिसिपीत कापूस वेचायची यंत्रं आली, लाखो माणसं शिकागोसारख्या शहरांकडे गेली, आणि शेतावरच्या गाण्याने तिथे विजेची गिटार धरली. ते शक्य झालं, कारण ब्लूजला बाजार मिळालेला होता. १९२० मध्ये मॅमी स्मिथ या गायिकेची तबकडी निघाली आणि खपली, तेव्हापासून ते गाणं पैसे देऊन ऐकणारे लोक होते. ओवीच्या वाट्याला ना मंच आला, ना तिकीट, ना बिदागी. ती ज्या बैठकीत होत होती ती बैठक गिरणीने एका झटक्यात मोडली. दोघींनी रोज एकत्र बसण्याची जागाच गेली, म्हणून ओवी गेली. म्हणजेच गाणं परत यायला जात्याची गरज नाही, बसायच्या जागेची आहे. लग्नाच्या हळदीला जातं पुजतात, घाणा भरतात, तेव्हा म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून ओव्या आपोआप बाहेर पडतात, कारण त्या घटकेपुरती ती जागा परत मिळते.

आवाज परत दिल्याने काय होतं, हेही १९४१ च्या त्याच अभ्यासात दिसतं. लोमॅक्स आणि वर्क यांनी स्टोव्हॉल मळ्यावरच्या एका तरुण मजुराचं गाणं त्याच्या घरी मुद्रित केलं आणि पुढे तबकडीच्या दोन प्रती व वीस डॉलरचा चेक त्याला पाठवला. तबकडीवरचा आपला आवाज ऐकून आपणही गायक आहोत हे त्याला पटलं. १९४३ मध्ये तो मळा सोडून शिकागोला गेला. मडी वॉटर्स हे त्याचं नाव. बीडच्या म्हाताऱ्या बायका आता कुठे शहर गाजवायला निघणार नाहीत, तसं अपेक्षितही नाही. पण ‘काय ते आमचं येड्यावाणी गाणं’ म्हणणाऱ्या बाईच्या नातीने तिला तिचाच आवाज ऐकवला, तर त्या घरात आजीची किंमत बदलते, आणि नातीच्या कानात एक चाल राहते.

‘पारी’कडचा ठेवा घरबसल्या ऐकता येतो, मग गावाने वेगळं काय करायचं, असा प्रश्न निघेल. तर बीड जिल्ह्यातली परिस्थिती बघा. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. गावात मागे राहतात म्हाताऱ्या आणि शाळेतली पोरं. ओवी जिला येते ती आणि मोबाइल ज्याला चालवता येतो तो, अशी दोघं चार-पाच महिने एका छपराखाली असतात. यापेक्षा चांगली ब्लूज सोसायटी कुठल्या देशात आयती मिळेल? बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर अर्धा तास ओव्यांना द्यायला पैसे लागत नाहीत. भजनी मंडळाच्या बायकांना चाली ठाऊक आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीच्या तासाला आजीची एक ओवी लिहून आणायला सांगणं हे कुठल्याही शिक्षकाच्या हातातलं आहे. यातून गळ्याला वळण लागेल का, नव्या ओव्या होतील का, हे ज्या त्या गावच्या बायका ठरवतील. भीमनगरच्या बायकांनी कुणाला विचारून बुद्धाला ओवी वाहिली नव्हती. कोयत्यावर जाणाऱ्या बाईलाही पहाटे तीन-चारलाच उठावं लागतं, आणि उचल, मुकादम, उसाच्या थळातली थंडी यांबद्दल तिला सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

वेळ मात्र थोडा आहे. १९९६ मध्ये पन्नाशीत असलेली बाई आज ऐंशीच्या घरात आहे. म्हणून चौसाळ्यात, नेकनूरला, पाटोद्याला किंवा जिथे कुठे हे वाचलं जाईल तिथे एवढं करा: घरातल्या म्हाताऱ्या बाईला तिच्या सोबतिणीशेजारी बसवा, मोबाइल मधे ठेवा, पंखा बंद करा, आणि त्या म्हणतील ते सगळं मुद्रित करा. शेवटी दोघींना आपापलं पूर्ण नाव, माहेर, सासर आणि ओवी कुणाकडून शिकली ते स्वतःच्या तोंडाने सांगायला लावा. मग तिथेच, उठायच्या आधी, ते त्यांना ऐकवा.