रक्ताचा थेंब आणि त्याचें उत्तर

नंदुरबार जिल्ह्यांतील एखाद्या आरोग्य केंद्रांत, अक्कलकुव्यास म्हणा किंवा धडगांवास, बोटाच्या टोकाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब घेतला जातो. तो लहानशा नळींतील द्रावणांत मिसळून कांहीं मिनिटें थांबतात. नळीच्या पलीकडे धरलेल्या कागदावरील काळ्या रेघा स्पष्ट दिसल्या, तर त्या रक्तांत दोष नाहीं. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर त्यांत सिकलसेलचा अंश आहे असें समजून पुढील तपासणी करावयाची. इतक्या साध्या परीक्षेमागें शंभराहून अधिक वर्षांचें संशोधन उभें आहे. तें कसें घडलें, आणि ज्यांच्या रक्तावर तें चालतें त्यांचें तें काय देणें लागतें, ह्याविषयीं आज आपणांशीं बोलावयाचें आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. रक्तांतील तांबडी पेशी वाटोळी, मध्यें किंचित् चेपलेली आणि लवचिक असते. केसाहून बारीक वाहिनींतूनही ती अंग चोरून निघून जाते. सिकलसेलच्या रोग्याची पेशी प्राणवायु कमी पडतांच ताठ होते, विळ्याच्या पात्यासारखी वांकते आणि बारीक वाहिनींत अडकून बसते. मग हाडांत, सांध्यांत, पोटांत असह्य कळा उठतात. निरोगी पेशी सुमारें १२० दिवस जगते. ही मात्र दहावीस दिवसांतच फुटते, आणि रक्तक्षय त्या घरीं कायमचा वस्तीला येतो.

शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक ह्यांनीं १९१० सालीं अशा पेशींचें पहिलें वर्णन प्रसिद्ध केलें. १९४९ सालीं लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं दाखविलें कीं, दोष पेशींतील हिमोग्लोबिन ह्या द्रव्याच्या घडणींतच आहे. पुढें व्हर्नन इंग्रॅम ह्यांनीं त्या दोषाचें नेमकें स्थान शोधून काढलें. हिमोग्लोबिनच्या एका सांखळींत १४६ दुवे असतात. त्यांपैकीं सहावा तेवढा बदललेला. एका दुव्याच्या फरकानें माणसाचें सारें आयुष्य वेदनेंत जावें, हें ऐकून मन थक्क होतें.

आपल्या देशांत १९५२ सालीं निलगिरीच्या आदिवासींमध्यें हा दोष प्रथम आढळला, आणि नंतर मध्य व पश्चिम भारतांतील अनेक जमातींत तो सांपडत गेला. मुंबईस परळ येथें नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था आहे. १९५७ सालीं रक्तगटांच्या संदर्भकेंद्राच्या रूपानें तिचा आरंभ झाला. आज ती अशा आनुवंशिक रक्तरोगांचा अभ्यास करते. दक्षिण गुजराथेंतील आदिवासी मातांच्या व नागपुरांतील नवजात अर्भकांची तपासणी करून, त्या बालकांचें पुढें काय होतें हें तिच्या संशोधकांनीं पाहिलें. भारतीय रोग्यांत गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन अधिक प्रमाणांत टिकून राहतें, व त्यामुळें पुष्कळांचा रोग आफ्रिकेंतील रोग्यांपेक्षां सौम्य असतो, असें दिसून आलें आहे. तथापि सर्वांचाच तो सौम्य असतो असें मुळींच नाहीं.

हा दोष अरण्यपट्ट्यांतच इतका कां? १९५४ सालीं अँथनी अ‍ॅलिसन ह्यांनीं त्याचें कारण दाखविलें. ज्याला माता-पित्यांपैकीं एकाकडूनच हा अंश मिळाला, तो वाहक होय. तो रोगी नव्हे. उलट बालपणीं जीवघेण्या हिंवतापापासून त्याचें पुष्कळ अंशीं रक्षण होतें. म्हणजे ज्या अंशानें आज दुःख दिलें, त्यानेंच एके काळीं पूर्वजांना तारलें. मग त्यांत लाज ती कसली?

आतां गणित ऐका. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाच्या वेळीं नव्यानें चारांत एक शक्यता रोगी मुलाची, दोन वाहकाच्या आणि एक संपूर्ण निर्दोष मुलाची. मागचें मूल निर्दोष निघालें म्हणून पुढची शक्यता बदलत नाहीं. एकटाच वाहक असेल, तर मूल ह्या रोगाचें रोगी होत नाहीं. म्हणूनच लग्नापूर्वीं उभयतांची तपासणी करावी असें वैद्यक सांगतें. परंतु पंचांसमक्ष देज ठरत असतां रक्ताची गोष्ट निघाली, कीं बोट बहुधा मुलीकडेच दाखविलें जातें. तो अंश बापाकडूनही तितकाच येतो, हें तेथें सांगणारा कोणी असावा लागतो.

२०११ च्या जनगणनेप्रमाणें नंदुरबार जिल्ह्यांत शेंकडा ६९ हून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा ह्या त्यांतील कांहीं. येथें २०२० सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. १ जुलै २०२३ रोजीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली; सात कोटि लोकांची तपासणी करून २०४७ पर्यंत ह्या रोगाचें निर्मूलन करावें असा तिचा संकल्प आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंड व अमेरिकेंत जनुकोपचारास मान्यता मिळाली. परंतु अमेरिकेंत एका रोग्यामागें त्याची किंमत सुमारें बावीस लक्ष डॉलर! आपल्या हातीं आज आहेत तीं साधीं साधनें: हायड्रॉक्सियुरिया हें औषध, लहान मुलांना पेनिसिलिन व लशी, भरपूर पाणी, आणि ताप येतांच वैद्याची भेट.

हीं साधनें नियमानें मिळालीं तरच उपयोगी. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गुजराथेंत जातें आणि होळीला परततें. मधल्या महिन्यांत औषध सुटतें, आणि तपासणीचें उत्तर आलें तर घराला कुलूप असतें. ज्यानें रक्त दिलें त्याला त्याचें उत्तर त्याच्याच बोलींत, पावरींत किंवा भिलोरींत, समजावून मिळालें पाहिजे. वाहक म्हणजे काय आणि रोगी म्हणजे काय, हा भेद त्याच्या घरच्यांनाही कळला पाहिजे. प्रयोगशाळेच्या वहींत आंकडा पडला म्हणून संशोधन पुरें झालें असें कोणीं मानूं नये. सातपुड्याच्या पाड्यांवरून तो थेंब खालीं आणणें अवघड नाहीं. त्याचें उत्तर पुन्हा त्या पाड्यापर्यंत चढवून नेणें हें खरें काम आहे, आणि तें अजून पुष्कळ उरलें आहे.