छोटं पोचतं, मोठं अडकतं: अपग्रेडनंतरचं एक कोडं

शुक्रवारी रात्री लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केलीत. सोमवारी सकाळी घरून व्हीपीएनवर ऑफिसला जोडलात. पासवर्ड चालला, चॅटवर दोन-चार ओळीही गेल्या. पण फाइल उघडायला गेलात की चक्र नुसतं फिरत राहतं. वाय-फाय ठीक, वेगही ठीक. मग बिघडलं काय? अशा वेळी पॅकेटच्या आकाराचा संशय घ्या.

इंटरनेटवर माहिती लहान लहान पॅकेटांमधून जाते. एका पॅकेटचा कमाल आकार म्हणजे एमटीयू. इथरनेटवर तो साधारणपणे १५०० बाइट असतो, पण वाटेतला प्रत्येक दुवा तेवढा ऐसपैस नसतो. काही डीएसएल जोडण्यांवर पीपीपीओई ही पद्धत ८ बाइट स्वतःकडे ठेवते, म्हणजे उरतात १४९२. व्हीपीएन तर तुमचं अख्खं पॅकेट दुसऱ्या पॅकेटात घालतं, त्यामुळे आतली जागा आणखी कमी होते.

नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरात ११ फूट ८ इंच उंचीचा एक रेल्वेपूल होता. मोटारी त्याखालून बिनघोर जात, उंच ट्रकांची छपरं मात्र सोलून निघत. शेवटी २०१९ मध्ये तो ८ इंच वर उचलला. पॅकेटांचंही तसंच होतं, फक्त इथे टक्कर ऐकू येत नाही.

खरं तर ती कळायला हवी. १९९० साली जेफ्री मोगल आणि स्टीव्ह डीअरिंग यांनी आरएफसी ११९१ मध्ये एक पद्धत मांडली. पॅकेटवर ‘तुकडे करू नका’ अशी खूण करायची. ते पुढे मावलं नाही, तर राउटरने ते टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा निरोप धाडायचा: इथून एवढंच जाईल. गोची अशी, की काही फायरवॉल सुरक्षिततेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट अडवतात. निरोप पोचत नाही आणि तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा जाऊन नाहीसं होतं. तज्ज्ञ याला ‘ब्लॅक होल’ म्हणतात.

पण हे अपग्रेडनंतरच का व्हावं? अडचण बहुधा आधीचीच असते. कधीतरी कुणीतरी एमटीयू कमी करून ती झाकलेली असते. अपग्रेडमध्ये नेटवर्क ड्रायव्हर किंवा व्हीपीएनचा अडॅप्टर नव्याने बसला, की आकडा पुन्हा मूळ जागी जाऊ शकतो.

तपासणी पाच मिनिटांची आहे. अडणाऱ्या सर्व्हरला आधी साधा पिंग करा. उत्तर आलं, तरच पुढे जा. आता विंडोजवर ‘पिंग -एफ -एल १४७२’ आणि पुढे सर्व्हरचं नाव द्या (एफ, एल ही इंग्रजी लहान अक्षरं). मॅकवर ‘-डी -एस १४७२’ द्या, त्यात डी मोठा. १४७२ का? आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट मिळवले की बरोबर १५०० होतात. हे अडलं, तर १३७२ पाठवून पाहा. ते गेलं, तर दोन्हींच्या मधला आकडा घ्या आणि असंच अंतर कमी करत जा. जाणारा सर्वांत मोठा आकडा अधिक २८ म्हणजे त्या वाटेचा एमटीयू.

लॅपटॉप स्वतःचा असेल, तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये एमटीयू तेवढा करा. ऑफिसचा असेल, तर आयटी विभागाला नुसतं ‘नेट स्लो आहे’ सांगू नका. ‘१३७२ जातं, १४७२ जात नाही’ असं कळवा. नेमकं कुठे पाहायचं, हे त्यांना लगेच कळेल.