शेतातील दोन रहिवासी : चंडोल आणि उंदीर

चंडोल व उंदीर हे दोघेही शेताच्या आश्रयाने राहतात. दोघांचा रंग मातीशी मिळताजुळता असून दोघेही दाणे खातात. तरीही शेतकऱ्याच्या जमाखर्चात दोघांची नोंद एकाच बाजूस करणे योग्य नव्हे.

चंडोल हा डोक्यावर तुरा असलेला लहान पक्षी होय. नर गात गात आकाशात चढतो; घरटे मात्र जमिनीवर, ढेकळाच्या किंवा गवताच्या आडोशाला असते. त्यात बहुधा २ ते ३ अंडी आढळतात. गवताचे बी, सांडलेले दाणे व किडे हा त्याचा आहार. पिल्लांना तो मुख्यतः किडेच भरवितो. साठा करणे त्यास ठाऊक नाही.

बीळ करणारा काळा उंदीर याच्या अगदी उलट आहे. तो रात्री हिंडतो. त्याच्या बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसतो, आणि आत घरट्याची व धान्यसाठ्याची दालने असतात. स्वतः खातो त्याशिवाय तो पुष्कळशा ओंब्या तोडून आत ओढून नेतो. बांध पोखरल्यामुळे पाणीही वाया जाते. मादी सुमारे ३ आठवड्यांत विते व एका वेळी साधारणतः ६ ते ८ पिल्ले देते.

पक्ष्याची चोच दिवसा दिसते. उंदराचे दात रात्री चालतात. म्हणून गोफण पक्ष्यावर फिरते आणि खरे नुकसान जमिनीखाली होत राहते. त्याहून वाईट म्हणजे, उंदरासाठी उघड्यावर टाकलेले विषारी दाणे चंडोलच टिपतो.

यासाठी सायंकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू बिळे समजावीत. त्यांत प्रथम २ ते ३ दिवस तेल लावलेला साधा भरडा ठेवावा. नंतर ९६ भाग भरडा, २ भाग गोडेतेल व २ भाग झिंक फॉस्फाइड काठीने कालवून सुमारे १० ग्रॅमची पुडी बिळात खोलवर सारावी व तोंड बंद करावे. विषास उघड्या हाताने स्पर्श करू नये. मुले व जनावरे दूर ठेवावीत. मेलेले उंदीर खोल पुरावेत.

बुजविलेली बिळे पुन्हा उकरली गेली नाहीत आणि माळावर चंडोलाचे गाणे पूर्ववत ऐकू आले, म्हणजे काम नीट झाले असे समजावे.