थंडीत सुरू न होणारी डिझेल गाडी : दोष कसा ओळखावा?

धायरी हे पुण्याच्या नैर्ऋत्येस, सिंहगडाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत वसलेले गाव. २०१७ साली ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले आणि आज तेथे शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तथापि सिंहगडाच्या पायथ्याच्या गावांतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे भाजीपाला नेणाऱ्या गाड्यांचा हा नित्याचा मार्ग होय. मेथी, कोथिंबीर, पालक यांसारखा नाशिवंत माल संध्याकाळी काढून, जुड्या बांधून रात्रीच गाडीत भरला जातो व पहाटेच्या आत बाजारात पोहोचावा लागतो. गाडीस तासाचा उशीर झाला, तर बाजार भरून गेलेला असतो, भाव उतरलेला असतो आणि माल सुकू लागलेला असतो.

नेमक्या याच वेळी, मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत, डिझेल गाडी सुरू होण्यास त्रास देते. दिवसा एका झटक्यात सुरू होणारी गाडी पहाटे नुसती घरघर करते. मालक बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारीत राहतो. नंतर गाडी ढकलली जाते. आणि अखेरीस मिस्त्रीच्या सल्ल्याने नोझल व पंप उतरवून हजारो रुपये खर्च होतात. पुष्कळदा मूळ दोष सैल झालेल्या वायरीचा अथवा जळालेल्या फ्यूजचाच असतो. म्हणून या दोषांची परीक्षा कोणत्या क्रमाने करावी, हे शेतकऱ्यांनी समजून घेणे हिताचे आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते

पेट्रोलच्या इंजिनात इंधन ठिणगीने पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे जे इंजिन यशस्वी करून दाखविले, त्यात इंधन केवळ दाबाच्या उष्णतेने पेटविण्याचे तत्त्व होते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, हा अनुभव सर्वांस आहे. डिझेल इंजिनात दट्ट्या हवेस मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते बाविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबतो. त्यामुळे हवा काही शे अंशांपर्यंत तापते व तीत बारीक फवाऱ्याने सोडलेले डिझेल आपोआप पेट घेते.

यावरून इंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी अवश्य आहेत, हे ध्यानात येईल : पुरेशी उष्णता, वेळेवर पोहोचणारे डिझेल आणि पुरेशा वेगाने फिरणारे इंजिन. थंडी या तिन्हींवर आघात करते. आत येणारी हवा १० अंशांनी अधिक थंड असली, तर दाबाच्या शेवटी ती २० अंशांहूनही अधिक थंड राहते. इंजिन ऑइल घट्ट होते. बॅटरीची ताकद घटते. इंजिन मंद फिरले म्हणजे दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत शोषली जाते आणि दट्ट्याच्या कडेने हवा निसटून जाण्यास अवधी मिळतो.

विहिरीवरील हातइंजिन ज्यांनी चालविले आहे, त्यांस वेगाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. खडकी येथे १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कारखान्याची इंजिने महाराष्ट्रातील असंख्य विहिरींवर चालली. असे इंजिन सुरू करताना प्रथम दाब सोडण्याची कळ उचलून धरतात, हॅण्डलने इंजिनास चांगला वेग देतात आणि मगच कळ खाली टाकतात. वेग नसेल तर कळ टाकताच इंजिन थांबते. गाडीत हॅण्डलचे काम सेल्फ करतो, एवढाच फरक.

प्रथम आवाज ऐकावा, मग धूर पाहावा

बोनेट उघडण्यापूर्वी दोन खुणा पाहाव्यात. गाडीत एक माणूस बसवून दुसऱ्याने मागे धुरांड्याजवळ उभे राहावे.

१. इंजिन रडत रडत, मंद फिरत असेल, तर दोष बॅटरी, तिच्या वायरी वा सेल्फ यांत आहे.

२. इंजिन जोमाने फिरते, धुरांड्यातून डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येतो, पण गाडी पेट घेत नाही : डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत आहे, मात्र ते पेटण्याइतकी उष्णता नाही. प्रथम हीटर प्लग पाहावेत.

३. इंजिन जोमाने फिरते, पण धूर मुळीच येत नाही : डिझेल पोहोचतच नाही. टाकीपासून पंपापर्यंतचा मार्ग तपासावा.

या तीन खुणांनी निम्मे काम होते. दुसऱ्या प्रकारात फिल्टर बदलणे आणि तिसऱ्या प्रकारात हीटर प्लग बदलणे, हा केवळ अपव्यय होय.

बॅटरी व तिच्या वायरी

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीचा दाब मल्टिमीटरने मोजावा. १२.६ व्होल्ट असल्यास ती पूर्ण भारलेली असते, १२.२ व्होल्टला साधारण निम्मी. आणि १२ च्या खाली ती बहुतेक रिकामी समजावी. सेल्फ मारीत असताना दाब ९.५ व्होल्टच्याही खाली जात असेल, तर बॅटरी जुनी झाली आहे अथवा सेल्फ फाजील प्रवाह ओढीत आहे.

बॅटरी चांगली असूनही इंजिन मंद फिरत असेल, तर टर्मिनलांवर पांढरा-हिरवा क्षार साचला आहे काय ते पाहावे. तो गरम पाण्याने धुवून, घासून, टर्मिनल घट्ट आवळावे. बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्यास व सांगाड्यापासून इंजिनास जोडलेली अर्थची जाड पट्टी पुष्कळांच्या दृष्टीस पडत नाही. ती गंजलेली असते. दहा सेकंद सेल्फ मारल्यावर सर्व सांधे हातास लावून पाहावेत. जो सांधा गरम लागेल, तोच दोषी.

हीटर प्लग

डिझेल टाकण्यापूर्वी सिलिंडरातील जागा तापविणारी विजेची कांडी म्हणजे हीटर प्लग. किल्ली फिरविताच गाडीच्या दर्शनी फलकावर वेटोळ्याच्या आकृतीचा जो पिवळा दिवा लागतो, तो तिचाच. तो विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारावयाचा असतो. घाईने अर्ध्यातच सेल्फ मारण्याच्या सवयीमुळे कित्येक निर्दोष गाड्या सदोष ठरतात.

ज्या जुन्या इंजिनांत डिझेल प्रथम बाजूच्या लहान दालनात फवारले जाते, त्यांत हीटर प्लगवाचून थंडीत काम चालतच नाही. पूर्वी आकुर्डी येथे तयार होणारी टेम्पो मॅटाडोर याच प्रकारची होती. ज्या इंजिनांत डिझेल थेट सिलिंडरात फवारले जाते, ती पुण्याच्या हवेत पुष्कळदा प्लगच्या मदतीविनाही सुरू होतात. परंतु प्लग निकामी असतील तर कडक थंडीत तीही अडतात.

परीक्षा सोपी आहे. १२ व्होल्टच्या लहान बल्बला दोन वायरी जोडून घ्याव्यात. एक वायर इंजिनाच्या उघड्या धातूस व दुसरी प्लगकडे येणाऱ्या पट्टीस लावून किल्ली फिरवावी. इंजिन थंड असताना बल्ब काही सेकंद लागला पाहिजे. तो न लागल्यास प्लगना वीज मिळत नाही. फ्यूज व रिले तपासावेत. या दोन वस्तू प्लगपेक्षा स्वस्त व सहज बदलता येण्याजोग्या आहेत.

वीज मिळत असेल, तर किल्ली बंद करून प्रत्येक प्लगची जोडणी सोडवावी. बल्बची एक वायर बॅटरीच्या धन टोकास व दुसरी प्लगच्या टोकास लावावी. बल्ब लागला तर प्लगची तार शाबूत आहे. न लागला तर ती तुटली आहे. चारांपैकी एक प्लग गेला असेल, तर गाडी सुरू होते, परंतु थोडा वेळ थरथरते, पांढरा धूर टाकते व तापल्यावर सुरळीत चालते. ही खूण दिसताच दुरुस्ती करावी. दुसरा प्लग जाण्याची वाट पाहू नये. काही जुन्या गाड्यांत प्लग एकापुढे एक साखळीने जोडलेले असतात. तेथे एक गेला की सर्वच बंद पडतात. संगणकाने नियंत्रित नव्या गाड्यांत पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर बिघडला, तर संगणक इंजिन गरम आहे असे समजून प्लगना वीजच देत नाही, हेही लक्षात ठेवावे.

डिझेलचा मार्ग आणि हवा

धूर मुळीच येत नसल्यास प्रथम फिल्टर पाहावा. त्याच्या तळाशी पाणी साचते. ते खालचा स्क्रू सैल करून काढून टाकावे. पावसाळ्यानंतर ही काळजी विशेष घ्यावी. रात्री टाकी रिकामी न ठेवता भरून ठेवल्यास आतील दमट हवेचे पाणी होण्यास जागा राहत नाही.

दुसरा दोष हवेचा. नळीच्या सांध्यास बारीक फट असली, तर तिच्यातून डिझेल गळेलच असे नाही. पण रात्रभरात हवा आत शिरते आणि पंपातील डिझेल टाकीकडे परत उतरते. सकाळी पंपात हवाच असते. याची खूण अशी की, एक रात्र गाडी चढावर तोंड करून व दुसरी रात्र उतारावर तोंड करून उभी केल्यास सकाळच्या वागणुकीत स्पष्ट फरक पडतो. पंपाजवळ पारदर्शक नळीचा तुकडा बसविल्यास बुडबुडे डोळ्यांना दिसतात. रबरी नळ्या व त्यांचे पट्टे बदलणे हा अल्प खर्चाचा उपाय आहे.

जुन्या गाडीत हातपंपाने हवा काढण्याचे काम मालकास करता येते. मात्र कॉमन रेल पद्धतीच्या नव्या गाड्यांत नोझलच्या नळ्यांत अतिशय मोठा दाब असतो. तेथील फवारा त्वचा भेदून शरीरात शिरतो. या नळ्या मालकाने कधीही सैल करू नयेत.

डिझेल गोठते काय?

थंडीत डिझेल गोठते, असे सांगून टाकी साफ करावयास लावणारे काही जण भेटतात. लडाखसारख्या प्रदेशात हे खरे आहे; म्हणूनच तेथे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल २०१९ पासून पुरविले जाऊ लागले. परंतु पुणे येथे आजवर नोंदलेले नीचांकी तापमान १.७ अंश होय, व ते १७ जानेवारी १९३५ रोजीचे आहे. हिवाळ्यात पुरविल्या जाणाऱ्या डिझेलचे मानक असल्या थंडीचा विचार करूनच ठरविलेले असते. तेव्हा धायरी परिसरात पहाटे गाडी अडली, तर गोठलेल्या डिझेलचा संशय सर्वांत शेवटी घ्यावा.

नोझल, पंप व दाब

वरील सर्व परीक्षा होऊनही दोष न सापडल्यासच नोझल, पंप व सिलिंडरचा दाब यांकडे वळावे. गाडी गरम असतानाही सुरू होण्यास त्रास देत असेल, इंजिन ऑइल जास्त खात असेल आणि ऑइल भरण्याच्या तोंडातून जोराने वाफ येत असेल, तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्याचा संभव आहे. पंप उतरविण्यापूर्वी मिस्त्रीकडून दाब मोजून घ्यावा व त्याचे आकडे लिहून मागावेत.

काय करू नये

टाकीखाली वा इंजिनाखाली चिंध्या अथवा पाचट पेटवून उष्णता देण्याची प्रथा अत्यंत घातक आहे. एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरणे वा ईथरचा फवारा मारणे हेही तितकेच वाईट. तापलेल्या हीटर प्लगशी संबंध येताच तो अवेळी पेटतो व दट्ट्या फुटण्यापर्यंत प्रसंग येतो. फवारणाऱ्याचा हात वा चेहराही भाजतो. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये व दोन प्रयत्नांत मिनिटभर विश्रांती द्यावी. बंद खोपट्यात इंजिन चालवीत बसू नये.

दिवाळीनंतर, थंडी पडण्यापूर्वी, एक सकाळ या कामासाठी राखून ठेवावी. बॅटरीची टर्मिनले घासावीत, हीटर प्लग बल्बने तपासावेत, फिल्टरमधील पाणी काढावे आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे इंजिन ऑइल भरावे. गाडी उघड्यावर सखल जागी उभी न करता भिंतीच्या आडोशाला वा छपराखाली उभी करावी. कारण रात्रीची थंड हवा सखल भागात साचते. दोष शोधताना बाहेरून आत व स्वस्ताकडून महागाकडे जाण्याचा क्रम जो सोडणार नाही, त्याची गाडी पहाटे अडण्याचे प्रसंग क्वचितच येतील, आणि रात्री भरलेली भाजी ताजेपणीच बाजारात पोहोचेल.